बंद शटरसमोरचा कॅमेरा

महासाथीचे छायाचित्र काढताना पहिली अडचण ही, की जे टिपायचे ते दिसतच नाही. पुराचे पाणी दिसते, भूकंपात पडलेली घरे दिसतात, आगीचे लोळ दिसतात. साथीचा जंतू किंवा विषाणू मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. शहरात दिसतात त्या त्याच्या खुणा : अर्ध्यावर ओढलेले शटर, वाण्याच्या दुकानापुढे खडूने आखलेले गोल, गल्लीच्या तोंडाशी आडवा बांधलेला बांबू, कुलपाशेजारी चिकटवलेला हाताने लिहिलेला कागद. या खुणांतली सर्वांत ठळक खूण म्हणजे रिकामा रस्ता. फसवीही तीच.

पुण्याच्या लक्ष्मी रोडवर पहाटे साडेपाचला कॅमेरा घेऊन कुणी गेले, तर ऐन लग्नसराईतही रस्ता ओसच दिसेल. छायाचित्रणाच्या इतिहासात तर रिकाम्या रस्त्याचा जन्मच एका फसगतीतून झाला आहे. १८३८च्या सुमारास लुई दागेर याने पॅरिसमधल्या बुलेवार द्यू ताँप्ल या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता, पण प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि माणसे पुढे निघून गेली आणि प्लेटवर त्यांचा मागमूस राहिला नाही. बूट पुसून घेत उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला. वर्दळ असताना ओस दिसणारे शहर, असे ते चित्र. साथीच्या काळातल्या छायाचित्रकाराला नेमकी उलटी कामगिरी करायची असते. शहर खरोखरच ओस पडले आहे आणि ते साथीमुळे पडले आहे, हे एका चौकटीत पटवून द्यायचे असते. त्यासाठी चौकटीत असे काहीतरी हवे, की जे एरवी तिथे नसते किंवा एरवी असतेच आणि आज नाही.

साथीने ग्रासलेल्या शहराची पद्धतशीर छायाचित्रे जिथे फार लवकर निघाली, त्या शहरांत मुंबईचा नंबर वरचा आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात प्रॅक्टिस करणारे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा, गोदीला लागून असलेला दाट वस्तीचा भाग. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. त्याच महिन्यात सरकारने साथरोग कायदा आणला. सव्वाशे वर्षांनी, २०२०मध्ये, कोविडच्या साथीत महाराष्ट्रात निर्बंध लावताना वापरला गेला तो हाच कायदा. मार्च १८९७मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईची प्लेग समिती काम करू लागली आणि तिच्या कामाची छायाचित्रे निघू लागली.

ही छायाचित्रे काढणारांत कॅप्टन सी. मॉस या लष्करी अधिकाऱ्याचे नाव येते, तसेच क्लिफ्टन अँड कंपनी या मुंबईतल्या स्टुडिओचेही. तेव्हा मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीत आर. जलभॉय यांनी तिथल्या प्लेग समितीसाठी असाच एक अल्बम तयार केला. यातली बरीच छायाचित्रे लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत आणि आज इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. झडतीला निघालेली पथके, घरांना चुना फासणारे मजूर, बंबाने घरे आणि गटारे धुऊन काढणारे लोक, उजेड आत यावा म्हणून कौले उतरवलेली छपरे, रेल्वे स्थानकावर तपासणीसाठी रांगेत उभे केलेले प्रवासी, विलगीकरणाच्या छावण्या, तंबूंतली आणि झावळ्यांच्या मांडवांतली रुग्णालये असा त्यांचा ऐवज आहे. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर महापालिका ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवत असे. ती अक्षरे ल्यालेल्या भिंती या छायाचित्रांत दिसतात.

ही छायाचित्रे वाचायची तर तेव्हाचे तंत्र ध्यानात घ्यावे लागते. काचेच्या कोरड्या प्लेटा तोवर आल्या होत्या आणि प्लेट उजेडाला उघडी ठेवण्याचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला होता. तरी बोजड कॅमेरा तिकाटण्यावर उभा करायचा, काळ्या कापडाखाली डोके घालून चित्र नीट करायचे, मग प्लेट सरकवायची असाच रिवाज होता. घराघरांतल्या काळोखात तर माणसांना स्तब्ध उभे राहायला सांगावेच लागे. म्हणून या चित्रांत झडती घेणारे पथक झडती घेताना दिसत नाही. ते झडती घेत असल्यासारखे उभे असते. शिपाई कॅमेऱ्याकडे पाहतो, साहेब छडीवर रेलतो, मागे घरातली बाई पदर ओढून भिंतीला चिकटलेली असते. तिच्या चेहऱ्यावर काय आहे, हे त्या चौकटीत कुणाला टिपायचे नव्हते. ते आपसूक टिपले गेले.

कॅमेरा कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर चित्राच्या विषयापेक्षाही महत्त्वाचे ठरते ते इथे. हे अल्बम प्रशासनाच्या कामाचा पुरावा म्हणून तयार झाले. समितीने किती झटून काम केले, हे वरिष्ठांना आणि लंडनला दाखवायचे होते. त्यामुळे साफसफाई, तपासणी, रुग्णालये यांना भरपूर जागा मिळाली आणि बाजाराला, पेढ्यांना, गिरण्यांना फार थोडी. खरे तर प्लेगने मुंबईच्या धंद्यावर केलेला आघात जबर होता. माणसे गावी निघून गेल्याने कापड गिरण्यांना हातांची चणचण भासली. महिन्याने पगार देण्याचा शिरस्ता मोडून रोजच्या रोज मजुरी हातात ठेवण्याची वेळ मालकांवर आली. गिरण्या एकमेकींचे कामगार पळवू लागल्या. परदेशी बंदरांत मुंबईहून येणाऱ्या जहाजांना अडकवून ठेवले जाऊ लागले. हे सारे अहवालांत आणि वर्तमानपत्रांत सापडते, पण डोळ्यांपुढे उभे करणारी चित्रे शोधावी लागतात. नाक्यावर उभे राहून मजुरांची बोली लावणाऱ्या जॉबरचा, म्हणजे गिरणीच्या मुकादमाचा, एखादा फोटो असता, तर मुंबईच्या कामगार-इतिहासात त्याचे मोल या साऱ्या अल्बमइतके झाले असते.

दुसरीही एक गोष्ट या अल्बमांत दडली आहे. प्लेग घाणीतून, कोंदट हवेतून पसरतो अशी तेव्हाची समजूत होती, म्हणून पाण्याचे फवारे आणि चुन्याच्या बादल्या या चित्रांत ठायी ठायी आहेत. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पोचवते, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांतून मांडली आणि ती मान्य व्हायला पुढे आणखी काही वर्षे गेली. तेव्हा बंबाच्या फवाऱ्याचे छायाचित्र हे रोगावरच्या इलाजाचे चित्र नाही. माणसांनी काय समजून काय केले, याचे ते चित्र आहे. २०२०च्या वसंतातही शहराशहरांत रस्त्यांवर जंतुनाशकाचे फवारे मारणारी वाहने फोटोंत झळकली. बंद खोलीतल्या हवेतून होणाऱ्या संसर्गाकडे लक्ष नंतर वळले. साथीचा फोटो त्या त्या काळचे अज्ञानही जपून ठेवतो, आणि अभ्यासकांना तो हवा असतो तो बऱ्याचदा त्यासाठीच. केंब्रिज विद्यापीठात क्रिस्टॉस लिंटेरिस या अभ्यासकाच्या पुढाकाराने जगभरातल्या या प्लेगच्या छायाचित्रांचा जो संग्रह झाला, त्यामागे हीच जिज्ञासा होती.

१९१८च्या इन्फ्लुएंझाची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या सिएटल शहरात मुखपट्टी बांधलेले पोलीस आणि मुखपट्टी नसलेल्या उतारूला ट्राममध्ये चढू न देणारा कंडक्टर यांचे फोटो आज सर्वांना ठाऊक आहेत. मुंबईत त्याच साथीने ऑक्टोबर १९१८मध्ये कहर केला आणि एकाच दिवशी साडेसातशेहून अधिक माणसे दगावली. तरीही त्या मुंबईचे चित्र डोळ्यांपुढे आणू गेले तर हाताला फारसे काही लागत नाही. साथ आली आणि झपाट्याने ओसरली, महायुद्ध चालू होते आणि प्लेगसारखी दिमाखात मिरवावी अशी मोहीम सरकारपाशी नव्हती. ज्या साथीत सरकारला दाखवण्यासारखे काही नव्हते, त्या साथीत कॅमेराही फारसा बाहेर पडला नाही.

२०२०मध्ये कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात होता, पण बाहेर पडायला मनाई होती. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्री मुंबईची लोकल थांबली आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. रस्त्यावर फिरण्याची मुभा वार्ताहर आणि वृत्तछायाचित्रकारांना होती. बाकीच्यांना खिडकी, गच्ची आणि फार तर दूध आणायला जातानाची दहा मिनिटे. या एका नियमाने त्या काळातल्या छायाचित्रांचे दोन ढीग पाडले. एकात ओळखपत्र गळ्यात अडकवून काढलेली शहराची मोठी दृश्ये, दुसऱ्यात गॅलरीतून खाली पाहत काढलेला तोच तो चौक, तीच सोसायटीची फाटके, तोच पहारेकरी.

पहिल्या ढिगातली दृश्ये जगभर सारखीच निघाली. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०२०मध्ये निरनिराळ्या महानगरांतल्या निर्मनुष्य जागांची मालिकाच छापली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा चौक, मरीन ड्राइव्ह, वांद्रे-वरळी सागरी सेतू, पुण्यात लक्ष्मी रोड आणि मंडईचा परिसर. हवा इतकी निवळली होती, की पंजाबातल्या जालंधरमधून धौलाधारच्या बर्फाच्छादित रांगा दिसल्याचे फोटो एप्रिलमध्ये घरोघर पोचले. निवळलेल्या हवेत दूरच्या इमारतींच्या कडाही कोरल्यासारख्या उमटत आणि ही दृश्ये देखणी दिसत. पण देखणेपणाच इथे आड आला. दिवसाला पाऊण कोटीहून अधिक माणसे वाहणारी लोकल थांबली म्हणजे काय झाले, हे रिकाम्या फलाटाच्या सुंदर फोटोतून कळत नाही. फलाटावरचा बंद वडापावचा स्टॉल, बूटपॉलिशवाल्याची उपडी ठेवलेली पेटी किंवा मार्चमधल्याच तारखेवर थांबलेले वर्तमानपत्र त्याच चौकटीत आले, तर ते कळते. ओसाडी मोठ्या दृश्यात दिसते आणि नुकसान बारक्या वस्तूत, असा ढोबळ नियमच सांगता येईल.

धंद्यांवरचा परिणाम टिपणारी छायाचित्रे टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यापेक्षा तिच्या सैल होण्याच्या काळात अधिक मिळतात. सगळेच बंद असते तेव्हा सगळी शटरे सारखी. फरक दिसू लागतो तो अर्धवट उघडल्यावर. ४ मे २०२०ला दारूची दुकाने उघडायला परवानगी मिळाली आणि मुंबईत इतक्या लांब रांगा लागल्या, की दुसऱ्याच दिवशी महापालिकेने ती मागे घेतली. ५ जूनपासून मुंबईत दुकानांसाठी सम-विषम पद्धत आली. रस्त्याची एक बाजू एका दिवशी उघडी, दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी. छायाचित्रकाराला याहून सोपी मांडणी कुणी करून दिली नसती. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, की डावीकडे लटकलेले कपडे, लावलेले दिवे, गिऱ्हाइकांची वाट पाहणारे मालक आणि उजवीकडे एकजात लोखंडी शटरांची ओळ. दुसऱ्या दिवशी हेच दृश्य आरशात पाहिल्यासारखे उलटे. असे दोन लागोपाठचे फोटो शेजारी ठेवले, तर सरकारी आदेश वाचायची गरज उरत नाही.

केशकर्तनालयांना जूनच्या अखेरीस फक्त केस कापण्याची मुभा मिळाली, दाढी नाही. हॉटेलांत बसून खायला ऑक्टोबर उजाडला, तोवर दारात आडवे टेबल आणि त्यावर ‘फक्त पार्सल’ अशी पाटी. चित्रपटगृहे नोव्हेंबरमध्ये उघडली आणि आतली निम्मी आसने फुल्या मारून रिकामी ठेवली गेली. मुंबईच्या सुमारे पाच हजार डबेवाल्यांची सेवा मार्चमध्येच थांबली होती. लोकल नाही, कचेऱ्या उघड्या नाहीत, मग डबा कुणाचा आणि न्यायचा कुठे? डबेवाल्याचा फोटो काढायचा तर तो एरवी चर्चगेट स्थानकाबाहेर डोक्यावर लांब फळी घेऊन धावताना काढतात. त्या वर्षी तो मावळातल्या त्याच्या गावी भाताच्या खाचरात काढावा लागला असता. धंदा बसला म्हणजे माणूस जागचा उठतो आणि त्याच्या मागोमाग छायाचित्रकारालाही शहराबाहेर जावे लागते.

सणांच्या धंद्याचे असेच. २०२०च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मंडळांच्या मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली गेली. लालबागच्या राजाची प्रतिष्ठापनाच झाली नाही. मंडळाने त्याऐवजी आरोग्योत्सव केला, रक्तदानाचे शिबिर भरवले. एरवी वीस-वीस फुटी मूर्तींसाठी उभारलेल्या परळ-लालबागच्या मांडवांत गुडघ्याएवढ्या मूर्ती ठेवलेल्या दिसल्या, की वर उरलेल्या मोकळ्या जागेतच त्या वर्षीचा हिशेब वाचता येई. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. फुलांनी सजवलेली लालपरी आणि तिच्या खिडकीशी बसलेले टाळकरी हा फोटो वारीच्या कुठल्याही चित्रसंग्रहात आता वगळता येणार नाही. तो शहराच्या बाहेरचा असला, तरी त्यामागे हार-फुले, बुक्का, चहा आणि फराळाचे पदार्थ विकणाऱ्या शेकडो छोट्या दुकानांचा बुडालेला मोसम आहे.

यात एक धंदा असा, की जो कॅमेऱ्यापुढे कधी आला नाही. तो म्हणजे फोटोग्राफीच. लग्नांना पन्नास माणसांची मर्यादा आली आणि एप्रिल २०२१मध्ये ती पंचवीस माणसे नि दोन तासांवर उतरली. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढणारे, अल्बम बांधणारे, ड्रोन भाड्याने देणारे, पासपोर्ट फोटोचे छोटे स्टुडिओ चालवणारे यांचे दोन लग्नसराईचे मोसम कोरडे गेले. तालुक्याच्या गावी चौकातल्या स्टुडिओच्या काचेत लावलेले नवरा-नवरीचे फोटो उन्हाने निळे पडत गेले. साथीने काय केले ते दाखवणारे हे छायाचित्र काढायला छायाचित्रकाराला दुकानाच्या उंबऱ्याबाहेरही जावे लागले नसते.

गर्दी की मोकळीक, हा साथीच्या छायाचित्रांतला सर्वांत वादाचा मुद्दा ठरला. बाजारात लोक खेटून उभे आहेत, असे दाखवणारे फोटो छापून येत आणि त्यावरून पोलीस, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात खडाजंगी होई. इथे भिंगाचा गुण समजून घ्यायला हवा. टेलिफोटो भिंगाने दुरून फोटो काढला, की पुढची आणि मागची माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. वाइड भिंगाने जवळून तोच देखावा घेतला, की त्यांच्यातले अंतर उगीच वाढलेले भासते. खरे तर ही करामत भिंगापेक्षा छायाचित्रकार किती दूर उभा आहे, याची असते. लांब उभे राहिले, की दहाव्या आणि अकराव्या माणसातला फरक नगण्य होतो. एप्रिल २०२०मध्ये डेन्मार्कच्या रिट्झाऊ स्कॅनपिक्स या वृत्तसंस्थेच्या ओलाफुर गेस्टसन आणि फिलिप डवाली या दोन छायाचित्रकारांनी हे प्रयोग करूनच दाखवले. त्याच रांगेचे, त्याच मिनिटाला, दोन वेगळ्या भिंगांनी काढलेले फोटो त्यांनी शेजारी मांडले. एका फोटोत रांगेतले लोक बेफिकीर वाटत, दुसऱ्यात तेच लोक शहाण्यासारखे अंतर राखून उभे. दोन्ही फोटो खरे होते. रांगेतले अंतर दाखवायचे असेल, तर रांगेच्या बाजूला, काटकोनात उभे राहावे, इतका साधा उपाय आहे. भाजीबाजारात तो अनेकांनी पाळला नाही आणि त्याचा मनस्ताप भाजीवाल्यांच्या वाट्याला आला.

माणसांचे फोटो हा यातला सर्वांत नाजूक भाग. टाळेबंदीत शहरांचे खरे चित्र दुकानांत नव्हते, ते गावाकडे पायी निघालेल्या मजुरांच्या महामार्गांवर होते. मे २०२०मध्ये दिल्लीत निजामुद्दीन पुलाजवळ फोनवर बोलता बोलता रडणाऱ्या एका मजुराचा पीटीआयच्या अतुल यादव यांनी काढलेला फोटो देशभर छापला गेला. त्या फोटोत शहर जवळजवळ नाहीच, तरी दिल्लीने आपल्या कामगारांना कसे वाऱ्यावर सोडले, हे त्यातून जितके कळले तितके ओस पडलेल्या राजपथाच्या फोटोंतून कळले नाही. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारी ती माणसे गावी निघाली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलेल्या फोटोंत मृतदेह नव्हते. रुळांत विखुरलेल्या पोळ्या होत्या. काय दाखवायचे नाही हे ठाऊक असलेल्या हातांनी ते फोटो काढले होते.

मृत्यू दाखवावा की नाही, यावर एकमत झाले नाही आणि होणारही नाही. इंडोनेशियात छायाचित्रकार जोशुआ इरवांदी यांनी रुग्णालयात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या एका मृतदेहाचा फोटो काढला. नॅशनल जिऑग्राफिकमधून तो जुलै २०२०मध्ये जगापुढे आला, तेव्हा त्यांच्याच देशात तो बनाव असल्याचा आरोप झाला. रुग्णाची ओळख मात्र त्यात कुठेच दिसत नव्हती. एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांनी दिल्लीतल्या स्मशानभूमीतल्या चितांची रांग ड्रोनने वरून टिपली आणि मृतांच्या खासगीपणावरून वाद उठला. त्याला एक उत्तर असे, की वरून कुणाचाच चेहरा दिसत नाही, दिसते ती संख्या, आणि त्या आठवड्यांत मृतांच्या संख्येवरच तर भांडण चालले होते. सिद्दीकी जुलै २०२१मध्ये अफगाणिस्तानात मारले गेले. २०२२चा पुलित्झर पुरस्कार त्यांना मरणोत्तर आणि त्यांच्यासोबत अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू, अमित दवे या रॉयटर्सच्या तिघांना मिळाला. याच्या दुसऱ्या टोकाला माड्स निसन यांचा ब्राझीलमधल्या वृद्धाश्रमातला फोटो. प्लास्टिकच्या पडद्याआडून एक परिचारिका एका वृद्धेला कवेत घेते आहे, असा. २०२१चा वर्ल्ड प्रेस फोटो तोच ठरला.

हे काम करणारांनी जीव धोक्यात घातला, हे वाक्य गुळगुळीत झाले असले तरी त्याला आकडा आहे. एप्रिल २०२०मध्ये मुंबईत पत्रकारांची तपासणी झाली, तेव्हा १७१पैकी ५३ जण बाधित निघाले. त्यात छायाचित्रकार आणि कॅमेरामन बरेच होते, कारण बातमी फोनवरून लिहिता येते, फोटोला जागेवर जावेच लागते. मुखपट्टीमुळे चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकावर वाफ धरे, कॅमेरा दर फेरीनंतर पुसावा लागे आणि रुग्णालयात जायचे तर आपादमस्तक पोशाखात घामाघूम होऊन बटण दाबावे लागे.

राहता राहिला प्रश्न जपणुकीचा. इथे १८९७ची परिस्थिती २०२०पेक्षा बरी म्हणावी लागते. काचेच्या प्लेटा आणि अल्बम एका जागी राहिले, त्यांखाली मथळे लिहिले गेले आणि सव्वाशे वर्षे टिकले. २०२०चे कोट्यवधी फोटो फोनमध्ये आहेत आणि फोन दर तीन-चार वर्षांनी बदलतो. फोनने काढलेल्या मूळ फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही नोंदलेले असते. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की ही नोंद गळून पडते आणि चित्रही दाबून लहान होते. मग त्याचा पुरावा म्हणून उपयोग संपतो आणि कुणीही त्याला हवा तो मथळा जोडू शकतो. मार्च २०२०मध्ये व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याची चित्रे जगभर फिरली. ती प्रत्यक्षात सार्डिनिया बेटावरच्या बंदरातली होती.

लोकांनी काढलेले फोटो एकत्र आणण्याचे प्रयत्न काही ठिकाणी झाले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०२०च्या उन्हाळ्यात नागरिकांकडून टाळेबंदीतली व्यक्तिचित्रे मागवली, तेव्हा ३१ हजारांहून अधिक फोटो आले आणि त्यांतल्या शंभरांचे प्रदर्शन झाले. भारतात पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर टाळेबंदीत सापडलेल्या मजूर, कारागीर, फेरीवाले यांची छायाचित्रे मजकुरासह प्रसिद्ध झाली. ती मराठीतही वाचता येतात आणि तिथल्या फोटोंना ठिकाण, तारीख, कामाचे स्वरूप असे मथळे असल्याने पन्नास वर्षांनीही ती वापरता येतील.

दुकाने आणि बाजार यांच्या बाबतीत आणखी एक साधन हाताशी आहे, ते म्हणजे फेरचित्रण. जुन्या फोटोच्या जागी, शक्य तितक्या त्याच उंचीवरून, त्याच भिंगाने आणि त्याच वेळी पुन्हा फोटो काढायचा. अमेरिकेत छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७पासून पश्चिमेकडच्या प्रदेशाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांवर असे काम केले. २०२०च्या जूनमध्ये टिपलेल्या बंद शटरच्या जागी आज काय आहे? तेच दुकान, औषधांचे दुकान, मोबाइलचे शोरूम, की अजून कुलूप? एका बाजारपेठेच्या पन्नास शटरांचा असा जोडीने केलेला संग्रह साथीनंतरच्या व्यापाराविषयी बरेच काही सांगेल, आणि त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. लागतो तो मूळ फोटो आणि तो कुठे काढला याची खात्री.

म्हणून ज्यांच्या फोनमध्ये २०२० आणि २०२१मधले आपल्या गल्लीचे, नाक्याचे, दुकानाचे फोटो आहेत, त्यांनी मूळ फाइल संगणकावर किंवा वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि प्रत्येक फोटोसोबत चार गोष्टी मराठीत लिहून ठेवाव्यात : तारीख, रस्त्याचे नाव, दुकानाचे नाव आणि ते दुकान पुन्हा कधी उघडले. उघडले नसेल, तर तसे लिहावे.